अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये बॅटबॉयचं काम नेमकं काय असतं? भाच्याला करू द्यावं का?

तुमचा भाचा पंधरा वर्षांचा, न्यू जर्सीत राहतो, त्याला बॅटबॉय व्हायचंय. तुम्ही पुढे लिहिलंय, "ही तर बॅटा उचलायची हमालीच झाली, त्यापेक्षा सुट्टीत अभ्यास केलेला काय वाईट?" हा हमाली शब्द मी दोन वर्षं घरच्या फोनवर ऐकतोय. म्हणून आज बसलोच लिहायला.

माझा मुलगा न्यू जर्सीतल्याच एका मायनर लीग टीमकडे बॅटबॉय आहे (मेजर लीग ही सगळ्यात वरची, मायनर म्हणजे तिच्या खालच्या पायऱ्या). पंधराव्या वर्षी लागला, आता सतरा पूर्ण होऊन तिसरा मोसम चालू आहे. टीमचं नाव लिहीत नाही, पुढे एक तक्रार येणार आहे.

टीव्हीवर दिसतं ते काम, म्हणजे बॅटरनं चेंडू मारला की धावत जाऊन बॅट उचलणं, हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. सातच्या मॅचला पोरगं साडेतीनला आत असतं. बॅटा नंबराप्रमाणे रॅकमध्ये लावायच्या, हेल्मेटं ज्याच्या त्याच्या खणात, पाण्याचे पिंप भरायचे, पुढचा बॅटर जिथे सराव करत उभा राहतो तिथे बॅटची पकड घट्ट करणाऱ्या चिकट पाइन टारचं फडकं, हात कोरडे ठेवायला रोझिनच्या भुकटीची पिशवी आणि बॅटला घालायचं वजनाचं कडं ठेवायचं. मॅच सुरू झाली की अंपायरला चेंडू पुरवायचे, बेसवर, म्हणजे धावत जाऊन गाठायच्या थांब्यावर, पोचलेल्या खेळाडूची कोपराची आणि नडगीची पॅड आणायची. आता पिच क्लॉक, म्हणजे खेळ रेंगाळू नये म्हणून मैदानात लावलेलं घड्याळ, आल्यापासून दोन बॅटरांच्या मध्ये फक्त 30 सेकंद. तेवढ्यात बॅट उचलून, पॅड घेऊन डगआउटमध्ये, म्हणजे मैदानाकडेच्या खेळाडूंच्या बसायच्या जागेत, परत. एकाला बॅट मुठीकडूनच हातात लागते, दुसऱ्याच्या बॅटेवर दुसरी बॅट आडवी पडलेली चालत नाही, तिसरा शून्यावर गेला की त्याच्याशी दोन डाव बोलायचं नाही. हे सगळं पंधरा वर्षांच्या पोरानं न सांगता ओळखायचं. मॅच संपल्यावर सूर्यफुलाच्या बियांच्या टरफलांनी भरलेलं डगआउट मागे उरतं ते वेगळंच. आणि पाहुण्या टीमला बॅटबॉय यजमान टीमच देते, त्यामुळे कधी कधी आपल्याच गावात समोरच्यांचा युनिफॉर्म घालून उभं राहावं लागतं.

आता चिखलाबद्दल, कारण त्यावरूनच माझं मत बनलं. बेसबॉलचा कोरा चेंडू इतका गुळगुळीत असतो की पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, बोटांतून सटकतो. 1920 मध्ये क्लीव्हलँडचा बॅटर रे चॅपमन याच्या डोक्यावर चेंडू बसला आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. त्या काळी एकच मळका, काळा पडलेला चेंडू किती तरी वेळ चालवायचे, तो बॅटरला नीट दिसायचाही नाही. मग चेंडू वरचेवर बदलायला लागले आणि कोऱ्या चेंडूची चकाकी कशी मारायची हा प्रश्न आला. 1938 मध्ये लीना ब्लॅकबर्न नावाच्या कोचनं डेलावेअर नदीच्या एका फाट्यातला चिखल शोधून काढला. तो फाटा आमच्या न्यू जर्सीतलाच. आजही मेजर लीगमधला प्रत्येक चेंडू त्या चिखलानं चोळूनच मैदानात जातो आणि मायनरमध्येही तोच डबा येतो.

पहिल्या महिन्यात मुलगा रात्री घरी आला, जेवायला बसला, तेव्हा त्याचे हात बघितले. साबणानं धुतलेले होते, पण तळहाताच्या रेषांत आणि नखांच्या कडेला राखाडी गाळ तसाच. म्हटलं, हे काय? तर त्यानं फळांच्या टोपलीतलं संत्रं उचललं आणि दाखवायला लागला. बोटावर चिखल घ्यायचा चिमूटभर, त्यात पाण्याचे दोन थेंब, मग दोन्ही तळव्यांत चेंडू फिरवायचा. शिवणीवर जास्त दाबायचं नाही, नाहीतर दोऱ्यात चिखल बसतो. रंग सगळीकडे सारखा यायला हवा, पण चेंडू काळपट दिसता कामा नये. पहिल्या दिवशी त्याचे दोन डझन चेंडू अंपायरच्या खोलीतल्या म्हाताऱ्या माणसानं परत केले होते, एक शब्द न बोलता. तो म्हातारा तीस वर्षं हेच करतोय. मुलगा म्हणाला, "बाबा, ते न बघता सांगतात की चेंडू झाला." शाळेच्या कुठल्याही विषयाबद्दल हा मुलगा माझ्याशी सलग दहा मिनिटं बोललेला नाही.

हे मी उत्साहानं कोल्हापूरला दादाला फोनवर सांगितलं. माझा थोरला भाऊ. तो म्हणाला, "काय रं बारक्या, पोराला लोकांची बुटं पुसायला लावलास व्हय? त्यासाठी गेलास तिकडं?" मग मोठ्या काकूंपर्यंत बातमी पोचली, नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणी तरी हळहळ व्यक्त केली, आणि 'हमाली' हा शब्द घरात कायमचा मुक्कामाला आला.

आता याच दादाचं बालपण ऐका. शिवाजी पेठेतल्या तालमीत तो अकराव्या वर्षी गेला. पहाटे उठून खोऱ्यानं हौद्यातली माती उकरायची, तिच्यात तेल, ताक, हळद मिसळायची, थोरल्या पैलवानांची मालिश करायची, वस्तादांचे पाय चेपायचे, लंगोट पिळून वाळत घालायचे. दोन वर्षं त्यानं हे केलं, तेव्हा कुठे वस्तादांनी स्वतः त्याचा हात धरून पहिला डाव दाखवला. खासबागेत मोठी कुस्ती लागली की वस्तादांच्या पठ्ठ्याचा टॉवेल धरून उभा राहायचा मान मिळाला म्हणून आमच्या घरी पेढे वाटलेत. मी तेव्हा सात वर्षांचा होतो, मला ते पेढे आठवतात. त्याला कुणी हमाली म्हटलं नाही. मातीत तेल घालणारा दादा शिकत होता, आणि चेंडूला चिखल लावणारा माझा मुलगा मात्र हमाल?

मला तालमीत पाठवलं नाही. "हा शिकेल," असं घरात ठरलं होतं. मी शिकलो, इकडे आलो, सगळं चांगलं झालं. पण आपल्या कामात पक्का मुरलेला माणूस हात कसा चालवतो, चुकला की काय करतो, हे मी पहिल्यांदा नोकरीला लागल्यावर, तेविसाव्या वर्षी पाहिलं. माझ्या मुलानं पंधराव्या वर्षी पाहिलं. चार वेळा बाद होऊन आलेला माणूस पाचव्यांदा बॅट मागतो तेव्हा ती त्याच्या हातात देणारा हा असतो. क्लासची कुठलीही फी भरून मला हे त्याच्यासाठी विकत घेता आलं नसतं.

आता तक्रार. पहिल्याच मोसमातल्या जुलैमधली रात्र. मॅच अकराला संपली, मी पार्किंगमध्ये गाडी लावून बसलेलो. बारा वाजले, साडेबारा वाजले, पोरगं बाहेर येईना, फोन उचलेना. आत गेलो. वॉचमन ओळखीचा झाला होता, त्यानं सोडलं. क्लबहाऊसच्या, म्हणजे खेळाडूंच्या कपडे बदलायच्या जागेच्या, मागे कपडे धुवायची खोली. तिथे हा ब्रश घेऊन पांढऱ्या पँटींच्या गुडघ्यावरची लाल माती घासत उभा, बाही कोपरापर्यंत ओली. दोन मशिनं चालू, जमिनीवर टॉवेलांचा ढीग. आणि ड्रायरवर बसून डॉमिनिकन रिपब्लिकचा कॅचर (आपल्या विकेटकीपरसारखा) व्हिडिओवर आपल्या आईशी बोलतोय, मध्येच मुलाकडे फोन वळवून तिला काहीतरी सांगतोय, आणि मुलगा तोडक्यामोडक्या स्पॅनिशमध्ये उत्तर देतोय. माझं लक्ष त्या वेळी फक्त घड्याळाकडे होतं.

दुसऱ्या दिवशी मी कायदा वाचून काढला. 14-15 वर्षांच्या मुलांना इथे एरवी उन्हाळ्यातसुद्धा रात्री नऊनंतर काम करता येत नाही. 1993 मध्ये जॉर्जियातल्या सव्हानाच्या टीमला याच नियमामुळे आपल्या चौदा वर्षांच्या बॅटबॉयला कामावरून काढावं लागलं. लोक भडकले, प्रकरण कामगारमंत्री रॉबर्ट राइश यांच्यापर्यंत गेलं, आणि 1995 मध्ये बॅटबॉयसारख्या कामांसाठी वेळेची अट उठवली. पण सूट देताना काय करून घ्यायचं नाही हेही लिहून ठेवलं. कपडे धुणं, लॉकर रूम आणि संडास साफ करणं, सामानाची साफसफाई, मैदानावर ताडपत्री अंथरणं, टीमच्या गाडीतून सामान चढवणं-उतरवणं, हे सगळं सोळाच्या आतल्या मुलांना बंद. म्हणजे माझ्या मुलाकडून जे करून घेत होते ते सरळ बेकायदेशीर होतं.

मी क्लबहाऊस मॅनेजरला भेटलो. तो वाद घालत बसला नाही. माणसं कमी आहेत म्हणाला, माफी मागितली, आणि त्या दिवसापासून मॅच संपून बॅटा-हेल्मेटं जागेवर लागली की मुलगा बाहेर. मी जिंकलो. मुलगा चार दिवस माझ्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी म्हणाला, "मॅचनंतर सगळे तिथेच येऊन बोलतात, बाबा. तुम्ही मला नेमकं तिथूनच बाहेर काढलंत." सोळा पूर्ण झाल्यावर त्यानं स्वतः जाऊन ती खोली परत मागून घेतली. तरीही सांगतो, मी गेलो ते बरोबरच केलं. तालमीतसुद्धा पोरांना रात्रभर राबवणाऱ्या वस्तादाला कुणी चांगला वस्ताद म्हणत नसत.

दादाच्या बाजूनं एक गोष्ट मान्य करायला हवी, ती मी त्याला अजून सांगितलेली नाही. या कामाचा इतिहास सगळा गोड नाही. एडी बेनेट नावाचा मुलगा 1921 पासून न्यूयॉर्क यांकीजचा बॅटबॉय होता. त्याच्या पाठीला कुबड होतं आणि त्यावर हात फिरवला की मॅच जिंकता येते असा खेळाडूंचा समज होता. शुभशकुनाची वस्तू म्हणून माणूस ठेवायचा, त्याला काय म्हणणार? आणि 1952 चा जॉर्जियातला जो रेलिफर्ड. बारा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा, फिट्झजेराल्ड टीमचा बॅटबॉय. त्या लीगमध्ये कृष्णवर्णीयांना खेळायची सोय नव्हती, बॅटा उचलायला मात्र चालत होते. 19 जुलैला स्टेट्सबरोमध्ये त्यांची टीम 13-0 नं मागे पडली, प्रेक्षक ओरडायला लागले की आता बॅटबॉयलाच पाठवा, आणि मॅनेजरनं खरंच पाठवलं. तो बाद झाला, पण नंतर फील्डिंगला उभा राहून एक झेल घेतला. लोकांनी मैदानात येऊन त्याच्या खिशात पैसे कोंबले. त्याला खेळू दिलं म्हणून लीगनं अंपायरला काढून टाकलं आणि मॅनेजरला दंड करून निलंबित केलं. म्हणजे दादाला जी भीती वाटते ती हवेतली नाही. कुणाला कुठल्या दारातून आत घेतात आणि त्याच्यासाठी पुढची दारं उघडी आहेत का, हे बघायलाच हवं. माझ्या मुलासाठी उघडी आहेत, म्हणून मी शांत आहे.

तुमच्या भाच्याचं सांगायचं राहिलं. त्याच्याकडे ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व आहे ना, ते आधी विचारा. आई-वडिलांच्या नोकरीमुळे मिळणाऱ्या एच-4 या अवलंबितांच्या व्हिसावर असेल तर पगाराचं काम करता येणार नाही, विषय तिथेच संपला. मेजर लीगमध्ये किमान वय 14 आहे. 2002 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेत, जायंट्स टीमचे मॅनेजर डस्टी बेकर यांचा तीन वर्षांचा मुलगा बॅट उचलायला होम प्लेटवर, म्हणजे बॅटर उभा राहतो तिथे, धावला आणि धडक बसणार इतक्यात धाव पूर्ण करून आलेल्या जे. टी. स्नोनं त्याला जॅकेटला धरून उचललं, तेव्हापासून. मायनरमध्ये काही टीम सोळाच मागतात, कारण वर सांगितलंच. अर्ज जानेवारीतच करा, एप्रिलमध्ये मोसम सुरू झाल्यावर कुणी दाद देत नाही.

पैसे किमान वेतनाच्या आसपास. खेळाडूंकडून बक्षिसीची फार आशा नको. मायनरमध्ये डबल-ए (वरून दुसरी पायरी) च्या खेळाडूलाच 2023 च्या करारानंतर वर्षाला 30,250 डॉलर मिळायला लागलेत, तो तरी कुठून देणार? माझ्या मुलाला पहिल्या मोसमाच्या शेवटी त्या कॅचरनं आपला जुना ग्लोव्ह दिला. तो अजून उशाशी असतो.

आणि हेल्मेट. यात काही ऐकून घेऊ नका. 2015 मध्ये कॅन्ससमधल्या विचिटा इथे एका हौशी टीमचा नऊ वर्षांचा बॅटबॉय सराव करणाऱ्या बॅटरच्या बॅटेचा फटका डोक्याला बसून दगावला. त्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं, तरी. भाच्याला पहिल्या दिवशीच सांगा, बॅटर बॅट फिरवत असेल तर बॅट पूर्ण थांबेपर्यंत जवळ जायचं नाही, कुणी कितीही घाई केली तरी.

दादा येत्या जूनमध्ये पहिल्यांदा इकडे येतोय, महिनाभर राहणार आहे. मी मंगळवारची तिकिटं काढलीत, डगआउटच्या लगेच वरची रांग. मुलानं सांगितलंय की मोठ्या बाबांना साडेतीनलाच घेऊन या, अंपायरच्या खोलीतल्या त्या म्हाताऱ्याला मी विचारून ठेवलंय.