‘शिक्षेची फलश्रुती’ म्हणू नका हो!

इंदूरहून प्रश्न आलाय: शाळेतून मुलांच्या हाती नेमकं काय पडावं यावर मंडळात परिसंवाद ठेवलाय, पत्रिकेवर ‘शिक्षेची फलश्रुती’ छापावं की ‘शिक्षेचं फलित’?

आधी ‘शिक्षा’ खोडा. हिंदीत शिक्षा विभाग असतो, मराठीत शिक्षण विभाग. ‘शिक्षेचं फलित’ वाचून श्रोते थेट जेल रोडला पोचतील. (गुजरातीतही शिक्षा म्हणजे दंडच, त्यामुळे बडोदेकरांचा हा घोटाळा होत नाही.)

‘फलश्रुती’ने तर उच्छाद मांडलाय. बैठकीची फलश्रुती, दौऱ्याची फलश्रुती! फलश्रुती म्हणजे फळ नव्हे, फळाचं आश्वासन. स्तोत्र म्हटल्याने काय मिळेल ते सांगणाऱ्या ओळी. संकटनाशन गणेशस्तोत्रातलं ‘विद्यार्थी लभते विद्याम्’ ही फलश्रुती. सहा महिन्यांत फळ, वर्षात सिद्धी हा वायदाही तिथलाच. शाळांची माहितीपत्रकं मात्र अस्सल फलश्रुती असतात.

खरी गंमत ‘शिकणे’त आहे. संस्कृतात शक् म्हणजे समर्थ असणे. त्याचं इच्छार्थक रूप शिक्ष्. करता यावं अशी इच्छा, ती शिक्षा! प्राकृतात सिक्खइ, मराठीत शिकणे. म्हणजे ‘शिकणे’ आणि ‘शकणे’ एकाच घरातले. हिंदीतले सीखना-सकना तसेच. इथे काही व्याकरणवाले लगेच धातुपाठ, म्हणजे संस्कृत धातूंची जुनी यादी, उघडून ‘शिक्ष विद्योपादाने’ (शिक्ष् म्हणजे विद्या मिळवणे) हा स्वतंत्र धातू दाखवतात. दाखवोत बापडे. इच्छार्थक रूपं सांगणाऱ्या पाणिनीच्या ७.४.५४ या सूत्रात शक् नावानिशी बसलाय, आणि परंपरेने दिलेलं उदाहरण आहे ‘धनुषि शिक्षते’: धनुष्याच्या विद्येत समर्थ होऊ पाहतो. शिधापत्रिका वेगळी काढली म्हणून भाऊ परका होत नाही.

शिकून मुलाला काय यायला हवं हे सांगणाऱ्या वाक्यांना एनसीईआरटी या केंद्राच्या शिक्षणसंस्थेच्या २०१७ च्या हिंदी दस्तऐवजात ‘सीखने के प्रतिफल’ म्हटलंय, महाराष्ट्रात ‘अध्ययन निष्पत्ती’. प्रतिफलाला मोबदल्याचा वास, निष्पत्तीला कचेरीचा. त्यापेक्षा साधं ‘शकणे’ घ्या, वाक्य आपोआप सुधारतं. ‘भागाकार समजतो’ हे तपासणार कसं? मूल मान हलवतं, शिक्षक बरोबरची खूण करतो, संपलं. ‘४३२ ला ६ ने भागून, आलेल्या ७२ ला ६ ने गुणून उत्तर पडताळू शकते’ हे दोन मिनिटांत समोर दिसतं. कर्ता मूलच हवं, क्रिया डोळ्यांना दिसणारी हवी, संख्या किती अंकी किंवा उतारा किती ओळींचा तेही लिहायला हवं. समजणे, जाणणे, आकलन होणे यांवर वाक्य संपलं की ते बाद करा. आणि ‘शिकवून झालं’ हे तर मोजूच नका. त्या वाक्यात मुलाला काहीच यावं लागत नाही.

हां, पत्रिकेचं राहिलं. ‘शाळा शिकून मूल काय करू शकतं?’ असं छापा. लांब वाटलं तर ‘शिक्षणाचं फलित’ चालेल.