फोल्डर उघडायला वेळ लागतो? विंडोज पुन्हा टाकण्याआधी विलंब कोणाचा ते ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: घरातला डेस्कटॉप एरवी ठीक चालतो, ब्राउझर लगेच उघडतो, पण फाइल एक्सप्लोररमध्ये काहीही करायला गेले की सगळे रेंगाळते. डाउनलोड्स फोल्डर उघडताना वरच्या पत्त्याच्या पट्टीत हिरवी रेघ अर्धा-अर्धा मिनिट सरकत राहते, राइट-क्लिकचा मेनू दहा-बारा सेकंदांनी येतो आणि फोटो एका फोल्डरमधून दुसऱ्यात हलवताना खिडकी मध्येच गोठते. अशा वेळी विंडोज पुन्हा टाकावी का, असे तुम्ही विचारले आहे.

माझे उत्तर, आत्ताच नाही. पुन्हा टाकल्यावर काही दिवस बरे वाटते, पण बिघाड नेमका कुठे होता ते कधीच कळत नाही, आणि तो डिस्कमध्ये असेल तर त्या खटाटोपात फोटोच गमावून बसण्याची पाळी येते. म्हणून पुढचे काहीही करण्याआधी, ज्यांच्यावाचून चालणार नाही अशा फायलींची प्रत दुसऱ्या एखाद्या डिस्कवर काढून ठेवा. ही विनंती मी औपचारिकता म्हणून करत नाही. हळू चालणारी डिस्क ही पुष्कळदा बंद पडण्याच्या वाटेवरची डिस्क असते.

आता मूळ मुद्दा. फोल्डर उघडणे हे आपल्याला एकच काम वाटते, पण ती दोन कामे आहेत. पहिले, डिस्कवरून नावांची यादी वाचणे. दुसरे, त्या यादीवर एक्सप्लोरर जे काही चढवतो ते सगळे: चिन्हे, लघुचित्रे, फोटो कधी काढला आणि व्हिडिओ किती मिनिटांचा आहे याची माहिती, शिवाय इतर प्रोग्रामांनी घुसवलेले तुकडे. उशीर पहिल्या कामात होतो की दुसऱ्यात, हे कळल्याशिवाय केलेला प्रत्येक उपाय म्हणजे अंधारात मारलेला तीर.

हे ठरवण्याची चाचणी सोपी आहे. संगणक पुन्हा सुरू करा आणि एक्सप्लोररमध्ये तो फोल्डर न उघडता कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करण्याची काळी खिडकी, उघडा. इंग्रजीत डी, आय, आर ही तीन अक्षरे टाइप करून एक जागा सोडा, मग डाउनलोड्स फोल्डरचे चिन्ह माउसने ओढून त्या काळ्या खिडकीत सोडा म्हणजे पत्ता आपोआप उमटेल, आणि एंटर दाबा. संगणक पुन्हा सुरू करणे महत्त्वाचे आहे, कारण एकदा वाचलेली यादी मेमरीत राहते आणि दुसऱ्या खेपेला सगळेच वेगवान वाटते. नाव, आकार आणि तारीख या गोष्टी विंडोजच्या एनटीएफएस रचनेत, म्हणजे डिस्कवर फायली मांडण्याच्या पद्धतीत, फोल्डरच्या सूचीतच नोंदलेल्या असतात, त्यामुळे ही आज्ञा एकही फाइल न उघडता यादी देते. हजारो नावे एक-दोन सेकंदांत सरकून गेली, तर डिस्कवरचा संशय बराच कमी होतो आणि दोषी बहुधा एक्सप्लोरर ठरतो. यादी अडखळत, थांबत-थांबत आली, तर डिस्ककडे पाहायला हवे.

आधी डिस्कचे सांगतो, कारण तिथे वेळ दवडणे धोक्याचे आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये डिस्क निवडा आणि मग फोल्डर उघडा. डिस्क १०० टक्के व्यग्र दिसते, वाचनाचा वेग मात्र जेमतेम आहे आणि सरासरी प्रतिसादाचा काळ शेकडो किंवा हजारो मिलिसेकंद आहे, असे चित्र दिसले तर ते आजाराचे लक्षण समजा. निरोगी फिरत्या डिस्कचा, म्हणजे आत तबकडी फिरणाऱ्या हार्ड डिस्कचा, हा आकडा सहसा काही दहा मिलिसेकंदांच्या आत असतो.

माझ्या स्वतःच्या संगणकावर हा आकडा अधूनमधून २००० च्या पुढे जात असे. तोवर मी दोन वेळा विंडोज पुन्हा टाकून पाहिली होती, आणि दोन्ही खेपेला आठवड्याभरात तेच. शेवटी क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रामात डिस्कने स्वतःच ठेवलेल्या नोंदी पाहिल्या. खराब जागा बदलल्याची ५ क्रमांकाची ओळ शून्य, प्रलंबित खराब जागांची १९७ क्रमांकाची ओळही शून्य, पण १९९ क्रमांकाच्या ओळीत ४१२. एक मोठा फोल्डर कॉपी केला आणि पुन्हा पाहिले, तर ४३७. ही ओळ डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामध्ये माहिती जाताना झालेल्या चुका मोजते. म्हणजे दोष तबकडीचा नव्हता, वाटेतला होता. डेटा केबल बदलली आणि आकडा तिथेच थांबला. तो शून्यावर परत येत नाही, पण वाढायचा थांबतो, आणि तेच पाहायचे असते. तुमच्याकडे ५ किंवा १९७ या ओळी वाढताना दिसल्या, तर मात्र केबलचा प्रश्न उरत नाही. प्रत पूर्ण करा आणि डिस्क बदला. अशा डिस्कवर दुरुस्तीच्या नावाखाली चेकडिस्क या विंडोजच्या डिस्क तपासणाऱ्या आज्ञेची पूर्ण तपासणी चालवू नका, ती तासन्‌तास सगळी डिस्क पिंजून काढते आणि मरणाऱ्या डिस्कला तो ताण सोसत नाही.

डिस्क निरोगी निघाली तरी ती फिरती असेल तर एक मर्यादा उरतेच. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्यासाठी सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवी ती जागा हेडखाली, म्हणजे तबकडी वाचणाऱ्या टोकाखाली, येण्यासाठी सरासरी ४ मिलिसेकंद थांबावे लागते, आणि हेड तिथवर सरकण्यासाठी आणखी आठ-नऊ. हिशेब केला तर अशी डिस्क सेकंदाला विखुरलेल्या साधारण ऐंशीच जागा गाठू शकते. आता एक्सप्लोररने ४००० फायली एकेक करून उघडायच्या ठरवल्या, तर पन्नास सेकंद झालेच! तुमची हिरवी रेघ बहुधा हेच काम करत असते.

ते काम त्याच्याकडून काढून घेता येते. फोल्डरवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये कस्टमाइझ या पानावर जा. तिथे हा फोल्डर कशासाठी सजवायचा असे विचारलेले असते. पिक्चर्स किंवा व्हिडिओज निवडलेले असेल तर जनरल आयटम्स करा आणि आतल्या फोल्डरांनाही लागू करण्याची खूण करा. मग डिटेल्स दृश्यात जाऊन, फोटो काढल्याची तारीख किंवा व्हिडिओची लांबी दाखवणारे स्तंभ काढून टाका, कारण ती माहिती प्रत्येक फाइल उघडल्याशिवाय मिळत नाही.

राइट-क्लिकचा उशीर वेगळा आहे. फायली झिप करणारे, अँटिव्हायरस, क्लाउडवर फायली ठेवणारे, असे अनेक प्रोग्राम आपापली ओळ त्या मेनूत घालतात आणि त्यासाठी त्यांचा तुकडा एक्सप्लोररच्या आत चालतो; त्यातला एक अडला की सगळा मेनू अडतो. शेलएक्सव्ह्यू या मोफत प्रोग्रामात मायक्रोसॉफ्टबाहेरचे तुकडे गुलाबी रंगात दिसतात. त्यातले अर्धे बंद करा, टास्क मॅनेजरमधून विंडोज एक्सप्लोरर रीस्टार्ट करा आणि पाहा. उशीर गेला तर दोषी त्या अर्ध्यात आहे, नाही तर उरलेल्या. सोळा तुकडे असले तरी चार फेऱ्यांत एकावर येता. क्विक ॲक्सेसमध्ये आता अस्तित्वात नसलेल्या नेटवर्क ड्राइव्हचा फोल्डर पिन केलेला असेल तर तोही काढा, कारण एक्सप्लोरर त्याच्या उत्तराची वाट पाहत बसू शकतो.

राहिले फोटो हलवणे. एकाच ड्राइव्हमध्ये हलवताना फायलींमधला मजकूर जागचा हलतच नाही, फक्त सूचीतली नोंद बदलते. त्यामुळे १० जीबीचा फोल्डरही क्षणात जायला हवा. तिथे खिडकी गोठत असेल तर संशय लघुचित्रे आणि अँटिव्हायरस यांच्यावर घ्या. दुसऱ्या ड्राइव्हवर हलवत असाल तर ती खरी कॉपी असते, आणि बाहेरची डिस्क यूएसबी २.० च्या जागी लावलेली असेल तर सेकंदाला तीस-चाळीस एमबीच मिळतात. २० जीबीला दहा मिनिटे लागणे हा तिथे बिघाड नाही, जागा बदलून पाहा.

इतके करूनही फरक पडला नाही, तर कमांड प्रॉम्प्टवर यादीला लागलेला वेळ, डिस्कच्या प्रतिसादाचा आकडा आणि ५, १९७ व १९९ या तीन ओळी इथे लिहा. तेवढ्यावरून पुढचे सांगता येईल.