दोन वर्षं ट्रे वापरणारा ससा अचानक सोफ्यावर मुतायला लागला तर

"नसबंदी झालेला ससा, दोन वर्षं ट्रेमध्येच करायचा, गेला महिनाभर सोफ्यावर मुततोय, हट्टीपणा कसा मोडू?" हे वाचलं आणि आमची चिंगी आठवली. हट्टीपणा मोडायला जाऊ नका. मी गेले होते.

ट्रेमध्ये चारा ठेवा वगैरे तुम्हाला माहीतच असेल. मी लेंड्या आणि लघवी वेगळी धरते. लेंड्या इकडेतिकडे पडल्या तर बहुतेकदा हद्द आखणं चाललेलं असतं, नवा पाहुणा किंवा हलवलेलं कपाट पुरतं त्याला. पण सवय लागलेला ससा लघवी बाहेर करू लागला तर मी आधी आजारच धरते.

आमच्या जवळच्या दवाखान्यात (कुत्र्यामांजरांचाच, नाव घेत नाही) पोटाला हातही न लावता सांगितलं, "सवय बिघडलीय, पिंजऱ्यात कोंडा." मी दोन महिने कोंडलं. ओरडलेसुद्धा, त्याचं अजून वाईट वाटतं. फरशीवर लघवी वाळली की रांगोळीसारखी पांढरी पूड उरायची, आणि मी ती पुसून टाकत होते! शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. मूत्राशयात कॅल्शियमचा गाळ साचला होता. बिचारीला दुखत होतं.

कारण मीच. तबेल्यावरून रोज लसूणघासाची पेंडी आणायचे, हिरवागार चारा म्हणून कौतुकाने. वाढत्या पिल्लांना तो चालतो, मोठ्या सशाला रोज नको, त्यात कॅल्शियम फार. आता सुकं गवत, हरळी आणि बाटलीऐवजी जड वाडग्यात पाणी. वाडग्यातून ते जास्त पितात.

मी डॉक्टर नाही. थोडी गढूळ लघवी सशांची नेहमीचीच असते, लालसर रंगही कधी नुसत्या खाण्यामुळे येतो. पण घट्ट, चुन्याच्या निवळीखालच्या साक्यासारखी असेल, किंवा जोर लावावा लागत असेल, तर एक्स-रे मागाच. भूल द्यायची वेळ आली आणि कुणी "रात्रीपासून उपाशी ठेवा" म्हणालं, तर तो डॉक्टर बदला. ससा उलटी करू शकत नाही, उपाशी राहिला तर आतडी मंदावतात.

आणि ट्रेमध्ये मांजरीची, ओली झाली की गोळे होणारी वाळू असेल तर आजच काढा, ससे ती खातात आणि ती पोटात फुगते. प्लास्टिकचं पसरट घमेलं, खाली वर्तमानपत्र, वर गवत, बास.

सोफ्यावरच्या पांढऱ्या डागांना साधं व्हिनेगर लावून बघा, आधी कोपऱ्यावर. आमच्या गादीचं काही वाचलं नाही.