टेनर गिटारवर ट्रेमोलो का तुटतो?

प्रश्न : मी अनेक वर्षे सहा तारांची गिटार वाजवतो. अलीकडे चार तारांची टेनर गिटार घेतली असून ती सी-जी-डी-ए अशी लावली आहे. ट्रेमोलोच्या (एकच सूर सलग ऐकू यावा म्हणून तारेवर भराभर खाली-वर आघात करण्याच्या) सरावात ठोक्याला चार आघात धरतो. पण मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारे यंत्र) मिनिटाला ९० ठोक्यांच्या पुढे नेला की हात कोपरापर्यंत आखडतो, प्लेक्ट्रम (तार छेडायची चकती) बारीक तारेत अडकते आणि सूर तुटतो. वेग वाढवण्यासाठी काय करावे?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : ९० च्या लयीत ठोक्याला चार, म्हणजे सेकंदाला सहाच आघात होतात आणि सैल मनगटाला तेवढे जड जाऊ नयेत, त्यामुळे आपली अडचण वेगाची नसून पकडीची असावी, असे मला वाटते. वाजवत असताना दुसऱ्या कोणाला तरी आपल्या उजव्या हाताचा कोपराखालचा भाग दाबून पाहायला सांगा. तेथील स्नायू दगडासारखा लागला, तर लय ६० वर आणावी आणि तो मऊ राहील तेवढीच वाढवावी.

टेनर गिटार १९२० च्या दशकात रुळली ती टेनर बँजो वाजवणाऱ्यांच्या सोयीसाठी, आणि तारा सी-जी-डी-ए अशा सुरांत लावण्याची आपली पद्धतही बँजोकडूनच आलेली आहे. मँडोलिनवर तारांच्या जोड्या असल्याने दोन आघातांमधली फट बरीचशी झाकली जाते. येथे मात्र तार एकेकटी असल्यामुळे एक आघात जरी कमजोर पडला, तरी तो उघडा पडतो. त्यातच आपली ए तार ४४० हर्ट्झची, म्हणजे सहा तारांच्या गिटारच्या सर्वांत वरच्या ई तारेपेक्षाही चढ्या सुराची असल्याने ती बारीक आणि ताणलेली असते, व प्लेक्ट्रम तिच्यात खोल गेले की हमखास अडकते. म्हणून प्लेक्ट्रम एक मिलिमीटर किंवा त्याहून जाड घ्यावे, त्याचे टोक तारेपलीकडे जेमतेम डोकावेल इतकेच ठेवावे आणि ते तारेला सपाट न लावता किंचित तिरपे धरावे, म्हणजे कड तारेवरून घसरत जाते.

बहुतेकांचा वर येणारा आघात दुबळा असतो. सरोदवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर ‘दा’ (खाली जाणारा आघात) खणखणीत आणि ‘रा’ (वर येणारा) गिळलेला. यावर माझा आवडता उपाय म्हणजे काही दिवस मुद्दाम ‘रा’पासून सुरुवात करून तेच स्वर वाजवणे, पहिले दोन दिवस फार विचित्र वाटते. स्वर बदलताना आघातांची संख्या पूर्ण होऊ द्यावी, कारण डावे बोट घाईने उचलले गेले की त्या जागी खट्ट असा आवाज येतो आणि दोष विनाकारण उजव्या हाताला दिला जातो.

एक शंका मात्र राहते. उन्हाळ्यात आपण कूलरसमोर बसून सराव करत असाल, तर त्या दमट वाऱ्याने आणि घामाने तारा लवकर गंजतात. ए तारेवरून बोट फिरवून पाहा आणि ती खरखरीत लागली, तर आधी तार बदला.