जुनी, उचललेली डिझेल पिकअप साडेआठचंच अ‍ॅव्हरेज देते, काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०११ ची डिझेल टाटा झेनॉन पिकअप, दोन इंच उचललेली (लिफ्ट केलेली). कंपनीच्या २३५/७० आर १६ मापाचे टायर काढून २६५/७५ आर १६ चे, चिखलासाठी असतात ते मड टायर टाकलेत. नाशिक-मुंबई फेऱ्यांत अ‍ॅव्हरेज १२ वरून ८.५ वर आलंय आणि गॅरेजवाला इंजिनात डिझेल सोडणारे पंप-नोझल खोलायला सांगतोय. माझ्याकडेही अशीच उचललेली जुनी पिकअप आहे, दिंडोरीकडच्या मळ्यापासून मुंबईपर्यंत ती चालवतो, म्हणून ठामपणे सांगतो: नोझलला इतक्यात हात लावू देऊ नका.

आधी मीटरचा हिशोब करा. तुमच्या जुन्या टायरचा व्यास साधारण ७३५ मिलिमीटर होता, नव्याचा ८०४ आहे. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात गाडी नऊ टक्के जास्त पुढे जाते, पण मीटर जुन्या टायरच्याच मापाने मोजतं. मीटरवर १०० किलोमीटर पडतात तेव्हा गाडी १०९ च्या आसपास धावलेली असते. म्हणजे तुमचं ८.५ खरं तर ९.३ आहे. साडेतीनची घट दिसते त्यातली पाऊण-एक नुसती मीटरची आहे. आणि काटा ८० वर असताना तुम्ही वाटतं त्याहून जोरात असता, हेही लक्षात असू द्या. यापुढे टाकी ते टाकी मोजा: पेट्रोल पंप तोच, तिथली भरायची नळी तीच, ती पहिल्यांदा आपोआप बंद झाली की थांबायचं. किलोमीटर मात्र मोबाइलच्या जीपीएसवरून घ्या. एका टाकीवर विश्वास ठेवू नका, दोन-तीन टाक्यांची सरासरी काढा.

उरलेली घट कुठून आली? बरीचशी टायरमधूनच. मड टायर वजनाला जड, त्यांच्या नक्षीचे मोठे रबरी ठोकळे रस्त्यावर दबत-उठत राहतात आणि त्यात डिझेल जातं. शिवाय मोठ्या टायरमुळे गिअरिंग उंच होतं, म्हणजे त्याच वेगाला इंजिन कमी फिरतं. पूर्वी पाचव्यात ६० ला आरामात ओढणारं इंजिन आता त्याच वेगाला कण्हत असतं. तेव्हा पाचवा जरा उशिरा टाका, चढाला वेळेत चौथ्यावर या. क्राउन-पिनियन (चाकांच्या आधीची शेवटची गिअर-जोडी) बदलून गिअरिंग परत जुळवता येतं, पण जुन्या गाडीवर तो खर्च मला पटत नाही. मी तुमच्या जागी असतो तर लिफ्ट ठेवली असती आणि हे टायर झिजले की २४५/७० आर १६ चे ऑल-टेरेन, म्हणजे डांबरी आणि कच्च्या दोन्ही रस्त्यांचे, टाकले असते. त्यांचा फरक कंपनीच्या मापापेक्षा जेमतेम दोन टक्के येतो आणि मळ्याच्या रस्त्याला ते पुरतात.

डिझेल खाणारा दुसरा म्हणजे वारा. दोन इंच लिफ्ट आणि टायरचे साडेतीन सेंटिमीटर मिळून गाडी साडेआठ सेंटिमीटर वर गेलीय, खालून भरपूर हवा शिरते. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो: ८० च्या जागी १०० ने गेलात की तो दीडपटीहून जास्त होतो. घोटीपर्यंतचा सरळ रस्ता पाय दाबायला लावतो खरा, पण खरे ८० धरून एक टाकी चालवून बघा. इतकी फुकटची बचत दुसऱ्या कशातच नाही. टपावरचं रिकामं कॅरिअर उतरवा. फाळका उघडा ठेवला की हवा निघून जाते असं बरेच जण सांगतात, ते ऐकू नका. बंद फाळक्यामागे हौद्यात हवेचा भोवरा तयार होतो आणि वरची हवा त्याच्यावरून सरकून जाते. ताडपत्री बांधायची तर ताणून, फडफडणारी नको.

आता इंजिन न खोलता तपासायच्या गोष्टी. लिफ्टनंतर चाकांचं अलाइनमेंट केलंय का? पुढचा टो, म्हणजे पुढच्या चाकांची आत-बाहेर वळलेली दिशा, बिघडला की टायर घासत चालतात. पुढच्या टायरच्या आतल्या-बाहेरच्या कडेवरून तळवा आडवा फिरवा. एका बाजूने गुळगुळीत आणि उलटं फिरवताना करवतीसारखं टोचलं, तर टो गेलाय. मग वीसेक किलोमीटर चालवून, शेवटी ब्रेक कमीत कमी दाबत थांबा आणि चारही रिमजवळ हात न लावता उष्णता बघा. एकच चाक भट्टीसारखं तापलं असेल तर तिथला ब्रेक सुटत नाही.

तापमानाचा काटा हायवेवर अर्ध्याच्या बराच खाली राहतो का, तेही बघा. जुन्या गाड्यांमधून ‘गरम होणार नाही’ म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून टाकायची वाईट सवय आपल्याकडे आहे. त्यामुळे इंजिन थंडच चालतं आणि थंड इंजिन जास्त डिझेल पितं. एअर फिल्टर बदला, मळ्याच्या धुळीत तो लवकर भरतो. इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोपासून ती थंड करणाऱ्या इंटरकूलरकडे जाणारा होस पाइप हाताने दाबून चीर शोधा. तिथे तेलकट ओल, चढाला शिट्टीसारखा आवाज आणि काळा धूर, हे तिन्ही एकत्र दिसलं तर कारण सापडलं.

कसारा घाट उतरताना डिझेल वाचवायला न्यूट्रल कधीच करू नका. गिअरमध्ये पाय काढला की तुमचं कॉमन रेल (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या इंजेक्शनचं) इंजिन डिझेल सोडणंच बंद करतं, न्यूट्रलमध्ये मात्र आयडलिंगचं डिझेल जळतच राहतं. वर सगळा भार ब्रेकवर येतो तो वेगळाच, आणि उंच गाडीला ते जिवावर बेतू शकतं.

पुढे बुलबार (बंपरवरचा लोखंडी गार्ड) असेल तर काढा. वजन कमी होईल, आणि डिसेंबर २०१७ पासून केंद्राने राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलेलंच आहे. लिफ्टचाही विषय मोटार वाहन कायद्याच्या, गाडीतल्या बदलांबद्दलच्या कलम ५२ मध्ये येतो, तेव्हा आरटीओत आणि विम्याच्या बाबतीत तुमची बाजू काय आहे ते विचारून घ्या.

डिझेल वाचवतो म्हणून पाइपला लावायला विकतात ते चुंबक आणि डिझेलमध्ये ओतायच्या औषधाच्या बाटल्यांवर एक रुपयाही घालवू नका.

नोझलचं म्हणाल तर, हे सगळं ठीक असूनही काळा धूर राहिला, सकाळी गाडी उशिरा सुरू होत असेल किंवा आयडलिंग हलत असेल, तर आधी लीक-ऑफ टेस्ट करायला सांगा. कोणती नोझल जास्त डिझेल परत सोडते ते त्यात बाटल्यांमध्ये डोळ्यांना दिसतं. ती टेस्ट तुमच्यासमोर झाल्याशिवाय सरसकट चारही नोझल खोलायला गाडी देऊ नका.