मागचे टायर कोणते घ्यावेत? मंगळवेढा, सांगोला आणि माळशिरसचे प्रश्न

रब्बीच्या तोंडावर सोलापूर जिल्ह्यातल्या तीन तालुक्यांतून एकच प्रश्न तीन तऱ्हांनी आला आहे. मंगळवेढ्याचे शेतकरी विचारतात, काळ्या रानात ट्रॅक्टर जागेवरच फिरतो, मोठा टायर टाकू का? सांगोल्याच्या डाळिंबवाल्यांचे टायर मुरमाने चिरतात. माळशिरसला हंगामभर ऊस ओढायचा आणि उन्हाळ्यात नांगरट करायची आहे, तेव्हा जोडी कोणती घ्यावी?

मंगळवेढ्यापासून सुरुवात करतो, कारण तिथला त्रास टायरचा थोडा आणि घाईचा जास्त आहे. भारी काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि ओली असताना टायरच्या खाचांत गच्च बसते. खाचा भरल्या की नवाकोरा टायरसुद्धा गोटा होऊन फिरतो. अशा रानाला उंच पट्ट्यांचा (टायरवरच्या रबराच्या तिरक्या उंचवट्यांचा) आणि दोन पट्ट्यांत ऐसपैस जागा असलेला टायर लागतो, म्हणजे फिरता फिरता चिखल आपोआप झडतो. दुकानात दोन पट्ट्यांच्या मध्ये मूठ घालून बघा. मूठ अडकत असेल तर तिथे चिखलही अडकणार.

पण टायर बदलण्याआधी रानाला घात, म्हणजे वाफसा, आली का ते बघा. वीतभर खोलीची मूठभर माती घ्या, लाडू वळा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटला तर ट्रॅक्टर घाला. नुसताच चपटा झाला तर दोन दिवस थांबा. ज्वारीची पेरणी 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर अशी महिनाभर चालते, दोन दिवसांनी काही बिघडत नाही. ओल्या रानात चाकाखाली दबलेला थर मात्र पुढे मुळांना आडवा येतो.

मोठ्या टायरचं म्हणाल, तर 13.6-28 यातला पहिला आकडा टायरची रुंदी इंचात सांगतो, दुसरा रिमचा व्यास. 14.9-28 घेतला तर रुंदी वाढते, भार पसरतो, रान कमी दबतं. मात्र तुमच्या रिमवर तो चालतो का आणि मडगार्डला घासतो का, हे आधी पाहा. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर पुढच्या-मागच्या चाकांचं गणित कंपनीने जुळवलेलं असतं. एकच जोडी बदलून ते मोडू नका.

टायर किती घसरतो हे नजरेने ठरवू नका. मागच्या टायरवर खडूने रेघ मारा. अवजार उचलून चाकाच्या दहा फेऱ्यांत ट्रॅक्टर किती गेला ते टेपने मोजा. मग त्याच रानात, त्याच गिअरमध्ये नांगर लावून पुन्हा दहा फेऱ्या मोजा. समजा आधी 40 मीटर गेला आणि नंतर 34, तर 6 मीटर घसरण, म्हणजे 15 टक्के. इथपर्यंत ठीक. 20 च्या वर गेलात तर डिझेल आणि रबर दोन्ही मातीत चाललंय. कोरड्या रानात खोल नांगरट करताना घसरत असेल तर टायरमध्ये पाणी भरा. व्हॉल्व्ह वर ठेवून, तीन चतुर्थांशपर्यंत, त्याहून जास्त नाही. पेरणीच्या आधी ते काढा. पाण्याचं वजन घेऊन ओल्या रानात शिरणं म्हणजे स्वतःच्या हाताने रान तुडवणं.

सांगोल्याचं उत्तर थोडक्यात. बरड, मुरमाड रानात ग्रिपची फारशी अडचण नसते, अडचण कापण्याची असते. तिथे जवळजवळ, जाड पट्ट्यांचा, जास्त प्लायचा (आतले थर जास्त असलेला) साधा टायर बरा. रेडियल, म्हणजे आतले धागे आडवे असलेला टायर, रानात चांगलाच, पण त्याची बाजूची भिंत लवचिक असते आणि धारदार दगड तिथेच लागतो. 14 बाय 10 फुटांच्या डाळिंबात बहुतेकांकडे छोटा ट्रॅक्टर आहे. त्याला 8.3-20 सारखा अरुंद टायर पुरतो. रुंद घालून फांद्या मोडून घेऊ नका.

माळशिरसचा प्रश्न खरा अवघड, आणि तिथे माझं उत्तर दुकानदाराला आवडणार नाही: एकच जोडी परवडत असेल तर मध्यम पट्ट्यांची घ्या आणि हवा बदलायची सवय लावा. उसाच्या ट्रॉल्या ओढताना डांबरी रस्त्यावर 20 पौंडांच्या आसपास हवा लागते. कमी असेल तर टायर बाजूने तापतो, रिमवर सरकतो आणि व्हॉल्व्ह उपटतो. मात्र त्याच हवेवर नांगरटीला उतरलात तर टायर फुगून नुसता मधल्या पट्ट्यांवर उभा राहतो. रानात 12 ते 14 पौंड पुरे. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये पाहा, आणि टायरवर छापलेली कमाल मर्यादा कधीच ओलांडू नका. गेल्या उन्हाळ्यात एका वस्तीवर मला ट्रॅक्टर ‘ओढत नाही’ म्हणून दाखवायला नेलं. गेज लावलं तर 28! साखर कारखान्याचा हंगाम संपल्यापासून कोणी हात लावला नव्हता. हवा सोडली, मागून पट्ट्यांचे ठसे रुंद उमटायला लागले, आणि ट्रॅक्टर त्याच गिअरमध्ये निघाला.

नवे टायर बसवताना दोन्ही एकदमच बदला. एक झिजलेला आणि एक नवा असला की उंची वेगळी पडते आणि डिफरन्शियल (वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) सरळ रस्त्यावरही फिरत राहतं. बाजूच्या भिंतीवरचा बाण पुढे जाण्याच्या दिशेने आहे ना, ते पंक्चरवाल्यावर न सोडता स्वतः उभं राहून बघा.