सप्टेंबरात माल्टा : सहा रात्री, सोबत सासूबाई आणि आठ वर्षांचा मुलगा

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा : सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात माल्टाला सहा रात्री जायचंय. तुम्ही दोघं, आठ वर्षांचा मुलगा आणि गुडघेदुखी असलेल्या, अंडंही न खाणाऱ्या सासूबाई. सेंट ज्युलियन्सला एकच हॉटेल घेऊन रोज भाड्याच्या गाडीने फिरायचा बेत आहे, तो जमेल का? मी तीनदा माल्टाला जाऊन आलोय आणि त्यातली एक खेप माझ्या सत्तरीतल्या आईसोबतची होती. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी बेताबद्दल. माल्टा देश माल्टा, गोझो आणि कोमिनो ही तिन्ही बेटं मिळून 316 चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्या मुंबईच्या निम्म्याहून थोडा मोठा. मुख्य बेटाची लांबी 27 किलोमीटर. हा आकडा वाचून सगळे फसतात. पहिल्या खेपेला मीही एका दिवसात तीन गावं आणि एक समुद्रकिनारा असा बेत आखला होता आणि अर्धा दिवस रस्त्यातच गेला. अरुंद रस्ते, प्रचंड गाड्या आणि दुपारचं ऊन. तिथे दिवस आखायचा तो किलोमीटर मोजून नाही. सकाळी कुठे असायचं, दुपारी सावलीत कुठे बसायचं आणि वारा कुठल्या बाजूचा आहे, एवढं बघायचं.

गाडी घेऊ नका. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून चालते, त्यामुळे मोह होतो, पण स्लिएमा आणि राजधानी व्हॅलेटाच्या आसपास पार्किंग शोधण्यात जीव जातो. बस सगळीकडे जाते. मी शेवटचा गेलो तेव्हा अडीच युरोच्या तिकिटावर दोन तास बस बदलत फिरता येत होतं आणि सात दिवसांचं कार्ड पंचवीस युरोंना होतं. निघण्याआधी ताजे दर बघून घ्या. थांब्यावर उभं राहून हात दाखवावा लागतो, नुसतं उभं राहिलं तर बस थांबेलच असं नाही. गच्च भरलेली बस तर हात केला तरी थांबत नाही, म्हणून शक्य तिथे पहिल्या थांब्यावरून बसा. जवळजवळ सगळ्या बस व्हॅलेटाच्या वेशीबाहेरच्या मोठ्या स्थानकावरून सुटतात. सासूबाई दमल्या की ॲपवरून टॅक्सी बोलवा. अंतरं कमी असल्यामुळे चौघांत मिळून ती फार महाग पडत नाही.

राहायला सेंट ज्युलियन्स नको. त्याला लागूनच पाचेविल आहे, तिथे रात्रभर नाचगाणं चालतं. स्लिएमाला फेरीच्या धक्क्याजवळ घर घ्या. समुद्राकाठचा रस्ता सपाट आहे, संध्याकाळी सगळं गाव तिथे फिरायला येतं, आणि समोर व्हॅलेटाला जाणारी बोट. घर बुक करताना एकच प्रश्न न विसरता विचारा : लिफ्ट आहे का? जुन्या इमारतींत बहुतेक ठिकाणी नसते आणि फोटोंत जिने दिसत नाहीत.

सहापैकी चार रात्री स्लिएमा आणि दोन रात्री गोझो, असं मी सुचवेन. बहुतेक लोक गोझोला एका दिवसात धावत जाऊन येतात. त्यांच्या हाती रांगा तेवढ्या लागतात. आईला सगळ्यात जास्त आवडलं ते गोझोच. तिथे शेतातली दगडी घरं भाड्याने मिळतात, बरेचदा छोट्या तलावासकट, आणि स्वयंपाकघर आपलं असतं. जायचे दोन मार्ग. मुख्य बेटाच्या उत्तर टोकाच्या चिर्केव्वाहून मोठी फेरी, साधारण पंचवीस मिनिटांची. पायी प्रवाशाला आरक्षण लागत नाही आणि तिकीट परतताना गोझोच्या बाजूला काढायचं असतं. दुसरा मार्ग व्हॅलेटाहून निघणाऱ्या वेगवान बोटीचा, पाऊण तासाचा. सामान आणि सासूबाई सोबत असताना दुसराच बरा, कारण स्लिएमाहून चिर्केव्वाची बस तासाभराहून जास्त घेते. मात्र समुद्र खवळला तर वेगवान बोट बंद ठेवतात. त्या दिवशी टॅक्सीने चिर्केव्वा गाठायची तयारी ठेवा.

वाऱ्याचं म्हटलं ते यासाठीच. माल्टी भाषा मूळची अरबीच्या कुळातली, फक्त लिपी रोमन, आणि तिच्यात वाऱ्यांना नावं आहेत. आग्नेयेकडून येणारा दमट, गरम वारा तो श्लोक. मार्साश्लोक या मासेमारांच्या गावाच्या नावात तोच आहे : मार्सा म्हणजे बंदर. ईशान्येचा ग्रिगाल आणि वायव्येचा मय्यिस्त्राल. वायव्येचा जोरात असेल तर त्या बाजूच्या पुळणी सोडा आणि दक्षिणेकडे जा. सकाळी घरमालकाला विचारलंत की आज कुठे पोहायला जावं, तर तो आधी वारा कुठला ते बघतो आणि मग गाव सांगतो. सप्टेंबरात पाणी छान कोमट असतं, सव्वीस अंशांच्या आसपास. मुलासाठी मेल्लिहाची पुळण उत्तम : वाळू आहे आणि बरंच आत जाईपर्यंत पाणी उथळ. बाकी किनारा बहुतांशी खडकाळ, त्यासाठी पाण्यातले बूट घ्या. जेलीफिशबद्दल तिथल्या लोकांना विचारूनच उतरा.

कोमिनोचा ब्लू लगून तुमच्या यादीत पहिला आहे. पाणी खरंच तसं निळं आहे, पण जागा एवढीशी आणि सावली जवळजवळ नाही. 2025 पासून गर्दी आवरायला तिथे उतरण्याची वेळ आधी ऑनलाइन घ्यावी लागते, मोफत. सासूबाईंना तिथे नेऊ नका. त्यांना गोझोत सावलीत बसू दे आणि तुम्ही तिघं सकाळच्या पहिल्या वेळेत जाऊन या. आणि ॲझ्युर विंडो ही समुद्रातली दगडी कमान बघायची असं लिहिलंय, तर ती 8 मार्च 2017 च्या वादळात कोसळली. जुन्या छायाचित्रांत ती अजून दिसते. ती जिथे होती तो गोझोतला ड्वेय्राचा किनारा मात्र आजही जाण्यासारखा आहे.

व्हॅलेटाला पूर्ण एक दिवस द्या. 1565 चा तुर्कांचा वेढा उठल्यावर दुसऱ्याच वर्षी सेंट जॉनच्या सरदारांनी, म्हणजे तेव्हा बेटावर सत्ता असलेल्या ख्रिस्ती योद्ध्यांच्या संघाने, हे शहर वसवायला घेतलं. रस्ते आखीवरेखीव आहेत, पण चढउताराचे. चुनखडीच्या पायऱ्या आणि फरसबंदी शतकानुशतकं पावलांनी गुळगुळीत झाली आहे. माझ्या आईचा पाय अशाच एका उतारावर घसरला आणि मनगट मुरगळलं. सासूबाईंना पकड असलेले बूट घालायला सांगा, साडीबरोबर चपला नकोत. बंदराच्या पातळीपासून अपर बराक्का बागेपर्यंत 58 मीटरची लिफ्ट आहे, तिचा उपयोग करा. बागेखालच्या तटावरून दुपारी बारा आणि चार वाजता तोफ उडते, मुलाला ती आवडेल. समोर दिसणाऱ्या बंदराबद्दल त्याला एक गोष्ट सांगा : 1878 मध्ये रशियाशी युद्ध होईल या तयारीत ब्रिटिशांनी सुमारे सात हजार हिंदी सैनिक मुंबईहून बोटींनी या बेटावर आणले होते.

सेंट जॉन्स को-कॅथेड्रल रविवारी पर्यटकांना बंद असतं. खांदे झाकलेले हवेत आणि टोकदार टाचांचे बूट चालत नाहीत, कारण जमीन म्हणजे संगमरवरात घडवलेल्या सरदारांच्या समाध्या आहेत. इटालियन चित्रकार कारावाज्जोने 1608 मध्ये काढलेलं, बाप्तिस्मा देणाऱ्या संत योहानाच्या शिरच्छेदाचं भलंमोठं चित्र तिथे आहे. त्याने सही केलेलं हे एकच चित्र, आणि सही रक्ताच्या ओघळात आहे. त्याच्यासमोर दहा मिनिटं बसा.

पुरातन मंदिरांपैकी हाजार ईम आणि इम्नायद्रा सकाळी लवकर करा. गोझोतलं जगंतिया इसवी सनापूर्वी 3600 च्या सुमाराचं, म्हणजे इजिप्तच्या पिरॅमिडांहूनही जुनं. हायपोजियम हे जमिनीखालचं दफनस्थान बघायचं असेल तर आत्ताच तारखा बघा. एका फेरीत दहाच जणांना सोडतात आणि तिकिटं कित्येक आठवडे आधी संपतात. सहा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही, तुमचा मुलगा चालेल. आत जिने आहेत, सासूबाईंना मी नेणार नाही.

आता जेवण. पास्तित्सी ही खारी बिस्किटासारख्या पुडाची पुरी कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते, आत रिकोटा चीज नाहीतर वाटाणा. वाटाण्याची बघून आपण निर्धास्त होतो, पण पुडात परंपरेने डुकराची चरबी घालतात. काही ठिकाणी मार्गारिन असतं. दरवेळी विचारा, इंग्रजी सगळ्यांना येतं, ती तिथली राजभाषाच आहे. पूर्ण शाकाहारी माणसाला निर्धास्त खाता येतील अशा गोष्टी म्हणजे बिगिल्ला, म्हणजे सुक्या, वालासारख्या बाकल्याची लसूण घातलेली चटणी, आणि टोमॅटो, ऑलिव्ह तेल, केपर्स (खारवलेल्या आंबट कळ्या) लावलेला पाव. पावात ट्यूना मासा घालायची पद्धत आहे, तो नको म्हणून आधीच सांगा. गोझोचं मेंढीच्या दुधाचं जबेइना चीज सुरेख, पण त्यात रेनेट (दूध घट्ट करायला वापरतात ते, सहसा जनावराच्या जठरातलं) असतं, सासूबाई काटेकोर असतील तर टाळा. स्लिएमा आणि आसपास भारतीय वाणसामान मिळतं. खूप भारतीय तिथे कामाला आहेत, बसचालकही बरेचदा आपलाच निघतो.

घरून नेताना एक पाळा : युरोपीय संघात बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. तूप, पनीर, पेढे, बर्फी घरीच राहू दे. ताजा कढीपत्ता आणि आंबेही नकोत. मेतकूट, भाजणी, भाजलेले पोहे, लोणचं खुशाल न्या. नळाचं पाणी बहुतांशी समुद्राचं पाणी गोडं करून येतं, सुरक्षित आहे, पण मचूळ लागतं. बाटलीवर दहा सेंट अनामत घेतात. रिकाम्या बाटल्या दुकानाबाहेरच्या यंत्रात टाकल्या की परत मिळतात, ते काम मुलाकडे द्या.

व्हिसा शेंगेनचा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, जूनच्या पुढे ढकलू नका. शुल्क मोठ्यांना 90 युरो आणि तुमच्या मुलाला 45. किमान 30 हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. सासूबाईंचा विमा घेताना आधीच्या आजारांचं कलम वाचा, स्वस्त पॉलिसीत तेच वगळलेलं असतं. भारतातून थेट विमान नाही, दुबई किंवा इस्तंबूलमार्गे जा. प्लग इंग्लंडसारखा तीन चौकोनी दांड्यांचा असतो. औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट न्या, कारण रविवारी आळीपाळीने मोजकीच औषधदुकानं उघडी असतात. तातडीला 112.

तारखा अजून हलवता येत असतील तर 8 सप्टेंबर व्हॅलेटात धरा. वेढा उठल्याची ती आठवण, सार्वजनिक सुट्टी, आणि दुपारी ग्रँड हार्बरमध्ये वल्ह्यांच्या होड्यांच्या शर्यती. बसगाड्या भरतील, म्हणून जेवण आटपून लवकर पोचा. अपर बराक्काच्या कठड्याशी सावलीतली जागा धरलीत तर सासूबाईंना बसल्याजागी सगळं दिसेल.